पाहुण्या कलाकाराची घागर

मित्रांनो, या घरातल्या माळ्यावर, जुन्या सतरंजीखाली, पोटाला मोठा पोचा पडलेली एक पितळी घागर आहे. ती घागर म्हणजे मी. माझ्या गळ्यावर कोरलेलं नाव आता धुळीने बुजलं आहे. पण त्या नावाच्या बाईची हकिगत मला सांगायची आहे, कारण ती माझ्याइतकी जवळून दुसऱ्या कुणी पाहिलेली नाही.

मला एका तांबटाने ठोकून घडवलं. मुरुडच्या बाजारात एका बापाने मला टिचकी मारून पाहिलं, आवाज पसंत पडला आणि त्याने आपल्या लेकीच्या लग्नात द्यायला मला विकत घेतलं. लेकीचं नाव रुद्राणी. तिच्या मागोमाग मी अहमदपूर तालुक्यातल्या या गावी आले. तिचा नवरा विरूपाक्ष याचं किराणा दुकान होतं. माणूस सरळ, पण बोलणं फार कमी.

रुद्राणीला मुलगी झाली, महानंदा. त्या वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. विहिरी तळाला गेल्या, टँकर येऊ लागला आणि रुद्राणी मला घेऊन पहाटेपासून रांगेत उभी राहू लागली. एक दिवस सासूने रांगेत निरोप धाडला, की पोरीला सकाळपासून जुलाब होत आहेत, लगेच ये. पुढे तीनच बायका होत्या. घरात पाण्याचा थेंब नव्हता, पोरीला पाजायला तरी पाणी हवं, म्हणून रुद्राणी थांबली. मी भरले, तशी ती मला कमरेवर घेऊन धावत निघाली. दारात पोचली तेव्हा महानंदा गेली होती. मी तिच्या कमरेवरून सुटले आणि उंबऱ्याच्या दगडावर आदळले. पोचा पडला तो तेव्हा. पाणी उंबऱ्यावरून अंगणात वाहत गेलं.

रुद्राणी रडली नाही. सासूचाच आकांत इतका मोठा होता की तिच्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन पुन्हा रांगेत उभी होती. विरूपाक्षने पोरीचं नाव घरात कधी काढलं नाही, म्हणून तिनेही काढलं नाही. पुढे तिला मूल झालं नाही. मला ती रोज चिंच लावून घासायची. पोच्यापाशी तिचा हात हळू व्हायचा, इतकंच.

चौदा वर्षं गेली. लातूर नवा जिल्हा झाला, रस्त्यावरच्या पाट्या बदलल्या, ग्रामपंचायतीत टीव्ही आला. पाणी मात्र पुन्हा आटलं. अशा दिवसांत मुंबईहून एका मालिकेची माणसं गावात आली. त्यांना दुष्काळावर एक भाग करायचा होता. अहमदपूरचे नाटकवेडे मास्तर साहेबराव त्यांना हवं ते जमवून देत होते. एक जुनी, मार खाल्लेली घागर हवी म्हणून ते दारोदार हिंडले आणि मला पाहून थांबले.

रुद्राणी म्हणाली, "घागर देते. पण ती माझ्याबिगर कुठं जात न्हाई."

म्हणून ती माझ्याबरोबर कोरड्या विहिरीवर आली. आईचं काम करायला मुंबईची नटी आणली होती. तिला दुपारपर्यंत ऊन लागलं आणि ती आडवी झाली. दिग्दर्शकाने इकडेतिकडे पाहिलं. मग तो रुद्राणीला म्हणाला, की बाई, तुम्हीच बसा काठावर. बोलायचं काही नाही. तुमचं मूल पाण्यावाचून गेलं आहे असं समजा आणि या घागरीत बघा.

मित्रांनो, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. रुद्राणी बसली. तिने माझ्यात पाहिलं. माझ्या तळाशी काही नव्हतं, तरी ती बराच वेळ बघत राहिली. मग चौदा वर्षांचं रडू बाहेर पडलं. तिचे आसू माझ्या तळावर टपटप वाजले. साहेबराव तोंड फिरवून उभे राहिले.

दिग्दर्शकाने तिला हात जोडले. मग म्हणाला, "आता एकदा या बाजूने घेऊ, बाई."

त्या दिवशी ती पाच वेळा रडली. शेवटच्या वेळी तो सांगेल त्या क्षणाला तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

तो भाग ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर लागला तेव्हा सगळं गाव ओट्यावर जमलं होतं. शेवटी नावं आली. 'पाहुण्या कलाकार' या शब्दांपुढे रुद्राणीचं नाव आलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या उमाबाईने तिला जवळ घेतलं, बायका डोळे पुसत होत्या. विरूपाक्ष नावं यायच्या आधीच उठून घरी आला होता. मी चुलीशेजारी होते, म्हणून पुढचं बोलणं मी ऐकलं.

"पोरीसाठी रडलीस तू तिथं," तो म्हणाला. "माझ्यासमोर कधी रडली न्हाईस."

"तुम्ही कधी इचारलं न्हाई."

त्या घरात तो विषय एवढाच झाला.

मग बोलावणी येऊ लागली. एकदा किनवटच्या जंगलात, एकदा नांदेडला, दोनदा थेट मुंबईच्या स्टुडिओत. प्रत्येक वेळी काम एका दिवसाचं आणि प्रत्येक वेळी आईचंच. कधी बुडालेल्या पोराची आई, कधी लढाईत पडलेल्या शिपायाची. मालिका दुसऱ्यांची असायची. रुद्राणी मला घेऊन सकाळी तिथे जायची, रडायची आणि संध्याकाळी परत निघायची. विरूपाक्षने एकदा विचारलं, कशाला जायलीस. ती म्हणाली, तिथं मला रड म्हणतात. मला वाटतं, तेच खरं कारण होतं.

पण ते रडणं हळूहळू बदललं. पदराने तोंड झाकायचं नाही, हे ती शिकली. उजेड असेल तिकडे मान वळवायची, हुंदका आधी आणि आसू नंतर, हेही शिकली. मुंबईला दिव्यांच्या झगझगाटात त्यांनी मला काठोकाठ भरलं आणि पुन्हा पुन्हा मोरीत ओतलं, कारण पाणी पडताना हवं तसं चमकत नव्हतं. गावाकडे तेव्हा टँकर चार दिवसांआड येत होता. रुद्राणी मोरीकडे पाहत उभी राहिली. मग तिला हाक मारली आणि ती जाऊन रडली. काम छान झालं असं सगळे म्हणाले. परतीच्या एसटीत ती मला मांडीवर धरून बसली होती.

पुढच्या उन्हाळ्यात विरूपाक्ष दुकानात तराजू धरल्या धरल्या कोसळला. माणसांनी त्याला घरी आणलं, पण तो गेला होता. लिंगायतांचे पुरोहित, जंगम आले. त्यांच्या रीतीप्रमाणे त्याला भिंतीशी बसतं केलं, कपाळाला विभूती लावली. सारं गाव गोळा झालं. रुद्राणी त्याच्या पायांशी बसली आणि रडू लागली.

घरात गर्दी होती आणि उजेड एकट्या दारातून येत होता. रडता रडता तिची मान दाराकडे वळली. पदर तोंडावर येत होता, तो हाताने बाजूला झाला. मागे बसलेली उमाबाई दुसरीच्या कानाशी म्हणाली, "टीव्हीत रडली व्हती, अगदी तसंच."

मनात वाईट धरून बोलणारी बाई नव्हती ती. पण रुद्राणीने ते ऐकलं. तिचं रडणं जागच्या जागी थांबलं. तिने आपल्या हाताकडे पाहिलं, पदर ओढून चेहरा झाकला आणि नवऱ्याला मातीत ठेवून लोक परतेपर्यंत तशीच बसून राहिली. ती रडत का नाही, अशी चर्चा मग बायकांत सुरू झाली.

दोन महिन्यांनी साहेबराव नवं बोलावणं घेऊन आले. या वेळी विधवेचं काम होतं. त्यांना सांगताना अवघड वाटत होतं, तरी त्यांनी सांगितलं. रुद्राणीने त्यांना चहा दिला. मग ती शांतपणे म्हणाली, "मास्तर, माझ्यापाशी आता ते ऱ्हायलं न्हाई. व्हतं ते समदं देऊन आले." साहेबराव पुन्हा त्या कामासाठी आले नाहीत. त्याच आठवड्यात तिने मला माळ्यावर ठेवून वर सतरंजी टाकली. पुढे नळ आला, प्लॅस्टिकच्या हलक्या घागरी आल्या आणि मला खाली काढायची कुणाला गरज उरली नाही.

विरूपाक्षच्या पहिल्या पुण्यस्मरणाच्या दुसऱ्या दिवशी उमाबाई आली. रुद्राणीसमोर जमिनीकडे बघत बसली. मग म्हणाली, "त्या दिशी माझ्या तोंडून गेलं, रुद्राणी. चुकलं माझं."

"न्हाई उमाबाई," रुद्राणी म्हणाली. "तुम्ही खरं तेच बोललात. मलाबी तसंच वाटलं व्हतं."

उमाबाई उठून गेली नाही. सरकत सरकत रुद्राणीच्या शेजारी आली आणि भिंतीला टेकून बसली. ऊन अंगणातून निघून गेलं, घरात दिवा लावायची वेळ झाली, तरी दोघी तशाच बसून होत्या. रुद्राणी रडत होती की नाही, ते मला वरून, सतरंजीच्या फटीतून, दिसत नव्हतं, आणि उमाबाई तिच्या तोंडाकडे बघत नव्हती.

मित्रांनो, भांडी घासून पुसून जपावीत, असं माझ्यासारखीने सांगायचं असतं. ते तुम्हाला तुमच्या घरात कुणीतरी सांगेलच. मी वेगळं मागते. तुमच्या घरात, शेजारात कुणी रडत असेल, तर कसं रडतं ते बघत उभे राहू नका. आणि कुणी रडत नसेल, तर त्याला एकदा विचारा. मग त्याच्या शेजारी जाऊन बसा. बसायला काही लागत नाही.