उजवीकडे थोडं वर असतंच

साहेब, सुलूअक्काच्या घरातली उजवीकडची फरशी छताला टेकायला आली आहे, ती तुमच्या सहीने.

सुलूअक्का माझी थोरली बहीण. फरशी तिच्या छातीतल्या पडद्याबरोबर चढते. वर फुफ्फुसं, खाली पोट, मध्ये हा श्वासाचा पडदा. त्याची उजवी बाजू सूतभर वर गेली की घरातली उजवी फरशी वीतभर वर जाते. डावी जागेवर आहे. मी डावीकडे राहतो.

अक्काला दम लागायला लागला तेव्हा छातीचा पहिला फोटो मीच काढला. तुमच्या दवाखान्यात एक्स-रेला एकवीस वर्षं मी श्वास घ्या, धरा, सोडा, एवढंच बोलत आलोय. अक्काचा उजवा पडदा वर दिसला. पडदा वर म्हणजे पेशंटने श्वास अर्धवट घेतला, हे आमच्यात कुणी शिकवत नाही, हात आपोआप लिहितो. मी तिच्यावरच खेकसलो. तिने पुन्हा श्वास घेतला. पडदा तिथेच. मी लिहिलं, 'पेशंटने श्वास पूर्ण घेतला नाही.' तुम्ही न बघता खाली सही ठोकलीत. "उजवीकडे थोडं वर असतंच. खाली लिव्हर असतं."

मी मान डोलावली. त्या डोलावण्याची आज लाज वाटते.

घरी आलो तर खोलीच्या मधोमध पायरी झाली होती. अक्का शिलाईचं मशीन घेऊन वरच्या अंगाला बसली होती. आठवड्यात पायरीचा ओटा झाला, ओट्याचा माळा. मी ताट वर द्यायचो, ती रिकामं खाली द्यायची. गिऱ्हाइकं खालूनच कापड फेकायची. एकीने विचारलं, वर वारा बरा लागत असेल ना? अक्का म्हणाली, "वारा हाय बाई, घ्यायलाच जागा न्हाई."

गावातल्या डॉक्टर मुलाणी मॅडम शिडी लावून वर चढल्या. तोंड मिटून नाकाने झटकन हुंगा म्हणाल्या. अक्काने तपकीर ओढावी तसं हुंगलं. डावी फरशी माझ्या पायाखाली खचली, उजवी वर उसळली. असं उलटं लुळा पडदाच वागतो, मॅडम म्हणाल्या. कुणाचा जन्मापासून वर असतो, कुणाचा सुजलेलं लिव्हर ढकलतं. मग त्यांनी अक्काच्या मानेवरचा व्रण चाचपला. मागच्या वर्षी तुम्ही तिथली गाठ काढलीत. पडदा हलवणारी नस तिथूनच खाली उतरते. त्या दिवशी त्या नसेलाच कात्री लागली.

उपाय आहे, म्हणाल्या. सैल पडद्याला चुण्या घालायच्या आणि खाली ताणून शिवायचा.

"एवढंच?" अक्का म्हणाली. "चाळीस वर्षं ब्लाऊजच शिवले की मी."

त्याच दुपारी तिने फरशीला चुण्या घातल्या. सुई फरशीतून सहज जात होती. नऊ टाके दोन दिवस टिकले, मग तटातट उसवले. दोरा छातीच्या आतून घालावा लागतो, आणि आत शिरायला तुमची सही लागते.

मी अर्ज घेऊन आलो. तुम्ही फाईल उघडलीत आणि माझ्याच अक्षरातली ओळ मला वाचून दाखवलीत. पूर्ण श्वासाचा फोटो आणा, म्हणालात, त्याशिवाय ऑपरेशनला पाठवता येत नाही.

चाकांवरचं एक्स-रे मशीन ढकलत घरी नेलं. शिडी कमी पडली म्हणून खाली टेबल लावलं. अक्का छताखाली आडवी होती. नाक आणि छत यांच्यात चार बोटं. मी तिच्या पाठीखाली प्लेट सरकवली.

अक्का मला म्हणाली, "शिवा, ह्या वेळी खरं लिहिशील न्हवं?"

लिहितो म्हटलं.

"घे श्वास."

तिने घेतला. एकवीस वर्षांत एवढा श्वास मी कुणाला घेताना पाहिला नाही. छत कुरकुरलं.

"धर."

तिने धरला. फरशी थांबली. फोटो निघाला.

तो तुमच्या टेबलावर आहे. पडदा वरच आहे. खाली मी लिहिलंय, 'श्वास पूर्ण घेतला आहे. आधीचं माझं लिहिणं खोटं.' सहीची जागा रिकामी आहे.

आज गुरुवार. सोमवारपासून तिने धरून ठेवलाय. ती माझ्याकडे बघते आहे आणि तिसरा शब्द माझ्या तोंडात आहे. सोडलेला श्वास पुन्हा घ्यावाच लागतो, आणि घेताना लुळा पडदा वर उसळतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. नाक आणि छत यांच्यात आता एकच बोट उरलंय.

साहेब, सोड म्हणू का? लेखी उत्तर द्या.