रंगाऱ्याचे वाढलेले वजन आणि मी, त्याची शिडी

रंगाऱ्याचे वजन वाढले याबद्दल माझी तक्रार नाही. माणूस आहे, कधी भरेल, कधी ओसरेल. माझी तक्रार वेगळीच आहे. पाय घसरला त्याचा आणि खापर फोडले माझ्या माथ्यावर. शिडी आता मला पेलत नाही, असे त्याने चार माणसांत सांगितले. मित्रांनो, जिने त्याच्या वडिलांना चोवीस वर्षे पेलले, त्याला स्वतःला सतरा वर्षे पेलले, वर रंगाचे डबे पेलले ते वेगळेच, तिच्याबद्दल हे बोलणे. मी लाकडाची असले तरी मला ते लागले.

तर मीच ती शिडी. अकरा पायऱ्यांची, सरळ पाठीची. ज्या सुताराने मला घडवले तो कमी बोलायचा आणि नीट काम करायचा. माझे दोन्ही उभे दांडे त्याने एकाच झाडातून काढले, का तर दोघे सारखे म्हातारे व्हावेत. प्रत्येक पायरी भोकात बसवून पाचर मारली, खिळा एकही नाही. मग प्रत्येक पायरीवर तो स्वतः उभा राहून नाचला. मला न्यायला मोठे रंगारी आले, म्हणजे आताच्या रंगाऱ्याचे वडील. मला बघून त्यांना इतका आनंद झाला की ते लगेच निळा रंग काढू लागले. सुताराने त्यांचे मनगट धरले. शिडीला रंग लावायचा नाही, तो म्हणाला, उद्या चीर पडली तर रंगाखाली झाकून जाईल. शिडीला तेल पाजायचे. म्हणून माझा सारा जन्म रंगात गेला, पण माझ्या अंगावर ओघळ सोडले तर रंग नाही. मला त्याचा अभिमान आहे. माझ्यात काय आहे आणि काय नाही, ते कोणालाही दिसते.

तेल पाजण्याचे काम मोठ्या रंगाऱ्यांच्या बायकोकडे आले. तिला मी आई म्हणते, कारण घरात सगळे तेच म्हणतात. दरवर्षी ती जवसाचे तेल फडक्यावर घेऊन मला डोक्यापासून पायापर्यंत चोळायची आणि चोळताना माझ्याशी भांडल्यासारखे बोलायची. शाळा तिने दुसरीनंतर पाहिली नाही. पण शिडी कशी धरायची ते तिच्याकडून शिकावे. एक पाऊल खालच्या पायरीवर, दोन्ही हात दांड्यांवर, आणि तोंड बंद. वर माणूस कुठे वाकला, कुठे दमला, ते तिला न बघता तळहातांना कळायचे. आमच्या दोघींच्या भरवशावर मोठ्या रंगाऱ्यांनी निम्म्या गावाच्या भिंती रंगवल्या. लोक भिंतींचे कौतुक करायचे. माझे कौतुक आई करायची, तेही मनातल्या मनात.

मोठे रंगारी कानावर पेन्सिल आणि ओठांत सिगारेट ठेवून काम करायचे. ते खोकत खोकतच गेले. मुलाने त्यांचा ब्रश उचलला आणि सिगारेटही उचलली. ब्रश उचलला ते बरे केले.

मुलाचा हात बापापेक्षा सरस होता, हे मी चाळीस वर्षांच्या अनुभवाने सांगते. पण भिंतीचा एक नियम असतो. रंगाची कड ओली आहे तोवर पुढचा रंग तिला जाऊन मिळाला पाहिजे. रंगारी हातभर रंगवतो, खाली उतरतो, शिडी सरकवतो, पुन्हा चढतो. या सगळ्यात कड वाळली तर तिथे उभा पट्टा उमटतो आणि तो जन्मभर दिसतो. आमचा रंगारी दर उतरणीला सिगारेट पेटवायचा. कड वाळायची. मोठ्या भिंतीवर त्याचे असे चार-पाच पट्टे ठरलेले. शिवाय चौथ्या पायरीवर खोकल्याची उबळ यायची. तो खोकला की मी मुळापासून हलायचे, आणि आई खालून वर बघायची.

एके दिवशी अशीच उबळ आली आणि पांढऱ्या रंगाचा भरलेला डबा त्याच्या हातातून सुटला. खाली आई होती. केसांपासून चपलांपर्यंत पांढरी झाली. तशीच पांढरीफटक रस्त्याने घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन डॉक्टरांकडे. डॉक्टर काय म्हणाले ते मी ऐकले नाही, पण परत आला तेव्हा रंगाऱ्याच्या खिशात सिगारेटचे पाकीट नव्हते. त्या डब्याचे उपकार मी विसरणार नाही.

पहिला महिना वाईट गेला. तो सगळ्यांशी भांडला, एकदा मला लाथही मारली. मी ती माफ केली. मग एका सकाळी तो नवव्या पायरीवर एका दमात चढला आणि तिथे नुसताच उभा राहिला. दम लागला नाही हे त्याच्या स्वतःच्या ध्यानात येत होते. शिडीला हात असते तर मी त्या वेळी जोडले असते.

मग वजन. सिगारेट गेली आणि त्याच्या तोंडाला चव आली. बायकोला विचारायचा, आज भाजीत वेगळे काय घातले? ती म्हणायची, अहो, बारा वर्षे हेच घालतेय. हाताला सारखे काहीतरी हवे असायचे, म्हणून खिशात बिस्किटे आली. सहा महिन्यांत त्याचे अकरा किलो वाढले. मला काट्याची गरज पडली नाही, पहिल्या पायरीलाच कळायचे. अकरा किलो म्हणजे रंगाचा एक डबा. ते मला जड नव्हते. पण पोट पुढे आल्याने तो माझ्यापासून वीतभर लांब उभा राहू लागला. त्याचा तोल मागे जायचा, भिंतीला हात पुरायचा नाही, आणि तो स्वतःवरच चिडायचा.

त्यात कामावरचा मुकादम. माणूस मनाने वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, तुमच्यासाठी आता बुटक्या भिंती शोधाव्या लागतील. सगळे हसले. रंगारीही हसला, पण माझ्या दांड्यावरची त्याची पकड घट्ट झाली ती मला कळली.

त्या दिवसापासून त्याने जेवण सोडले. हीच त्याची मोठी चूक. सकाळी चहा, दुपारी चहा, डबा जसाच्या तसा घरी. तिसऱ्या दिवशी सातव्या पायरीवर त्याचे गुडघे थरथरायला लागले. खाली आई नव्हती, खोकला गेल्यापासून त्याने तिला घरीच बसवले होते. मला ते जाणवत होते, पण सांगणार कशी? पाय निसटला, तो सहाव्या पायरीवर आदळला आणि मला मिठी मारून घसरत खाली आला. माझ्या पायरीचा एक ढलपा निघाला, बाकी मी जागच्या जागी. आणि तो सगळ्यांना म्हणाला, शिडी पेलत नाही.

मुकादमाने त्याला अॅल्युमिनियमची शिडी दिली. आतून पोकळ, बोट लावले तरी वाजते. माझी रवानगी न्हाणीघरामागे झाली. महिनाभर मी तिथे उन्हात उभी होते. पाचव्या पायरीवर फरशी पुसायचे फडके वाळत पडायचे. भोपळ्याच्या वेलाने मला आपली शिडी केले. निदान त्याने तक्रार केली नाही.

तिथेच, धुण्याच्या दगडापाशी, मी त्याला बायकोशी बोलताना ऐकले. त्याने सिगारेटचे पाकीट आणले होते. अजून फोडले नव्हते. तो म्हणाला, "दोन महिने ओढतो. वजन उतरलं की परत सोडीन."

ती बराच वेळ धुणे आपटत राहिली. मग म्हणाली, "परत सोडीन असं मामंजीही म्हणायचे."

तो पाकीट शर्टाच्या खिशात घालून कामाला गेला. आता खरा प्रश्न त्याच्या पोटाचा नव्हताच. ते पाकीट फुटणार की नाही, एवढाच होता.

सुनेने त्याच दुपारी आईला सगळे सांगितले. डबा भरलेला परत येतो हे ती इतके दिवस लपवत होती, तेही सांगितले. आई तिला रागावली नाही. सरळ न्हाणीघरामागे आली, फडके उचलून बाजूला फेकले, वेल सोडवला, आणि माझ्या एकेका पायरीवरून तळहात फिरवला. सांध्यात नख घालून पाहिले. पाचरा ठोकून पाहिल्या. सहाव्या पायरीवरच्या ढलप्याशी तिचा हात थांबला.

"शिडीला काही झालेलं नाही," ती सुनेला म्हणाली. "उपाशी पोटाचे पाय लटपटले. तेल आण."

मित्रांनो, महिनाभराच्या उन्हानंतर ते तेल कसे मुरत गेले ते मला सांगता येणार नाही. दोघी सासू-सुनांनी मला अंधार पडेपर्यंत चोळले.

दुसऱ्या दिवशी टपाल कार्यालयाला सुट्टी होती आणि तिथल्या मोठ्या हॉलची भिंत रंगवायची होती. पुढे आई, मागे सून, आणि खांद्यावर मी, अशी आमची वरात भर रस्त्याने निघाली. वाटेत एकाने विचारले, कुठे निघालात? आई म्हणाली, पत्र टाकायला.

हॉलमध्ये रंगारी एकटाच होता. खिडक्यांच्या चौकटी रंगवून झाल्या होत्या. मोठ्या भिंतीला हात लावला नव्हता. खिशात पाकिटाचा चौकोन दिसत होता. आईने तो पाहिला आणि पाहिला नाही असे केले. आधी त्याला खाली बसवून अर्धा डबा खायला लावला. तो मान खाली घालून जेवला. मग तिने माझे डोके भिंतीवरच्या लाकडी पट्टीला टेकवले, माझे दोन्ही पाय धरले आणि वीतभर बाहेर ओढले.

"आई, इतकी तिरपी?" तो म्हणाला.

"तुझं पोट वीतभर पुढे आलं, तर शिडीने वीतभर मागे यायला काय हरकत आहे? चढ."

तो चढला. आणि काय सांगू, त्या तिरपेपणात त्याच्या पोटाला जागा मिळाली, तोल माझ्यावर आला, हात भिंतीला पुरला. इतकी साधी गोष्ट. सहा महिन्यांत मला सुचली नाही, याची मला लाज वाटते. आईने एक पाऊल माझ्या खालच्या पायरीवर ठेवले, दोन्ही हात दांड्यांवर, तोंड बंद. तो रंगवायचा, उतरायचा, आम्हाला हातभर सरकवायचा, लगेच चढायचा. घाम गळत होता, शर्ट भिजला होता, पण छाती भात्यासारखी चालत होती आणि खोकला नव्हता. कड ओली असतानाच पुढचा रंग तिला जाऊन मिळत होता. तेरा वेळा आम्ही सरकलो.

काम संपले तेव्हा खिडकीतून तिरका उजेड भिंतीवर पडला होता. मुकादम आला. एक डोळा मिटून त्याने भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. पट्टा नव्हता. एकही नव्हता. तो काही बोलला नाही, फक्त आपली वाजणारी शिडी उचलून बाहेर नेली. जिभेला हाड नसलेल्या माणसाकडून एवढे मौन म्हणजे मोठाच मान.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. रंगारी मला खांद्यावर घेऊन कामाला चालत जातो. पूर्वी त्याला दम पुरत नसल्याने मी हातगाडीवरून जायचे. बिस्किटांच्या जागी आता खिशात काकडी असते, दोन वेळा पोटभर जेवतो, आणि चार किलो उतरले आहेत. बाकीचे सात आहेत तिथेच आहेत. ते उतरोत न उतरोत, मला काही जड नाही. त्याने सिगारेट सोडली म्हणून माझ्या पाचरा शाबूत राहिल्या, आई जागी होती म्हणून मी भोपळ्याच्या वेलाखाली कुजले नाही. या म्हातारपणी आणखी काय हवे? तुम्हाला एवढेच सांगते, घरातल्या जुन्या वस्तूला दोष देण्याआधी तिच्यावरून एकदा हात फिरवून पाहा. आणि माणसाचे वजन वाढलेले दिसले तर हसण्याआधी विचारा, त्याने काय सोडले आहे.

त्या दिवशी हॉलमध्ये मुकादम गेल्यावर रंगाऱ्याने खिशातले न फोडलेले पाकीट काढून आईसमोर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले. आज ओढणार होतो, एवढेच म्हणाला. आई माझे दांडे धरूनच उभी होती. तिने त्या पाकिटाकडे पाहिले नाही, त्याच्याकडे पाहिले.

"ऐक. तू जाड झालायस. मला दिसतं, माझे डोळे गेलेले नाहीत. ते उतरेल तेव्हा उतरेल, नाही उतरलं तर मी शिडी अजून वीतभर बाहेर घेईन. पण तुझ्या बापाच्या खाली आणि तुझ्या खाली मिळून मी एवढी वर्षं उभी राहिले, आणि खोकला ऐकू आला की वर बघायची, आता पडतो की काय म्हणून. आज मला एकदाही वर बघावं लागलं नाही. मला असाच मुलगा हवाय, जाड तर जाड. आता ते पाकीट तुझ्या हाताने टाकून ये, आणि येताना हात धू. अर्धा डबा राहिलाय."