कापलेली माफी

अमेरिकेतल्या कॅन्ससच्या एका तुरुंगाचं मासिक वेंडेल ग्रीर अकरा वर्षं चालवत होता. खून करून आला होता. मरेपर्यंत सुटका नव्हती. कैदीच लिहायचे, कैदीच छापायचे. आलेल्या मजकुरातलं एकही पाणचट वाक्य वेंडेल ठेवत नसे.

मार्चमध्ये एमरी पिकेटने आपली हकीकत आणून दिली. दोघं दुकान लुटायला गेले तेव्हा तो बाहेर गाडीत बसला होता. आत त्याच्या साथीदाराने दुकानदाराला गोळी घातली. हकीकत झकास उतरली होती. शेवटचा परिच्छेद तेवढा माफीचा होता. वेंडेलने त्यावर लाल पेन्सिल ओढली.

"अरे म्हाताऱ्या, तेच तर महत्त्वाचं!" एमरी म्हणाला. "मे महिन्यात माझी सुनावणी आहे. सोडायचं की नाही ते ठरवणाऱ्या मंडळातली माणसं अंक वाचतात."

"मग अर्ज लिही. इथे रडगाणं चालत नाही. रडायचं ते वाचणाऱ्याने."

"तुझं काय जातं? तू थोडाच बाहेर जाणार आहेस!"

वेंडेल हसला. परिच्छेद गेला तो गेलाच.

मेमध्ये सुनावणीच्या टेबलावर तोच अंक होता. "चार पानं लिहिलीत," मंडळातल्या बाई म्हणाल्या, "आणि मेलेल्या माणसाबद्दल वाईट वाटल्याचा एक शब्द नाही?" सुटका नाकारली; पुढची सुनावणी दोन वर्षांनी.

वेंडेलने त्याच दिवशी मंडळाला पत्र लिहिलं: माफी होती, मी कापली. मूळ पान जोडलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: निर्णय झाला आहे, पुढची सुनावणी ठरल्या वेळी होईल.

जेवताना त्याने ते पत्र एमरीपुढे ठेवलं. एमरीने वाचलं, घडी घालून परत दिलं आणि बीन्स खाऊ लागला.

"चूक माझी," वेंडेल म्हणाला.

"हकीकत मात्र चांगली झाली रे. आईलाही आवडली." एमरीने चमचा खाली ठेवला. "एक सांग. त्या बाईंना मी तोंडाने म्हणालो, तो माणूस रोज आठवतो. त्यांना वाटलं, पाठ करून आलाय. छापलेलं असतं तर खरं वाटलं असतं का?"

छापलेली माफी कधीच खरी वाटत नाही, हे वेंडेल अकरा वर्षं सगळ्यांना शिकवत आला होता.

"वाटलं असतं," तो म्हणाला.

एमरीने मान डोलावली आणि ताट उचललं.