पाचवी प्रत

मित्रांनो, मी एक जुना कोड आहे. आधी फक्त सात ओळींचा होतो! पेशंटचं वजन घ्यायचं आणि औषधाचा डोस काढून द्यायचा, एवढंच माझं काम. हॉस्पिटलच्या मुलांच्या वॉर्डातल्या कॉम्प्युटरमध्ये राहतो मी.

खरं तर मी मूळचा नाहीच. पहिल्या सात ओळी प्रोग्रामर ताईने लिहिल्या, ओपीडीसाठी. मग बाकीच्या विभागांनाही डोस हवा झाला. तिच्या शेजारच्या घाईदादाने काय करावं? कॉपी, पेस्ट! चार वेळा! शेवटचा मी. वर माझ्यात त्याने 'वजन'ऐवजी 'किलो' लिहिलं, का तर टायपायला सोपं!

ताई म्हणाली, "अरे, या सात ओळींची एकच मेथड काढ ना. तिला नाव दे, एका जागी ठेव. ज्याला डोस हवा, तो तिला हाक मारेल."

"ताई, चालत्या गाड्याला कशाला खीळ?"

"आणि उद्या नियम बदलला तर?"

"बदलू की! पाचच तर आहेत."

नर्स माझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवायची. "कॉम्प्युटर चुकत नाही गं," म्हणायची. काय फुशारलो होतो मी!

आणि नियम बदलला. किडनी अशक्त असेल तर एका औषधाचा डोस निम्मा, नाहीतर ते अंगात साचून कानांना इजा करतं. ताई रजेवर. घाईदादाने 'वजन' शोधलं, चार जण सापडले, चौघांना बदललं आणि गेला चहाला. अरे, मी राहिलो ना! पण कोडची बोंब ऐकतो कोण?

सहा वर्षांची एक मुलगी आली. किडनी अशक्त. मी दहा दिवस त्याच औषधाचा पूर्ण डोस सांगत राहिलो. अकराव्या दिवशी तिच्या पप्पांनी मागून हाक मारली, "छकुले!" ती वळलीच नाही. ते समोर आले, तर म्हणते, "पप्पा, नुसते ओठ काय हलवताय?"

ताई धावत आली. "आता तरी मेथड काढू द्या!" तिचे साहेब म्हणाले, "आधी ती ओळ टाक. मेथड-बिथड नंतर बघू." मला आठवी ओळ मिळाली. पुढच्या आठवड्यात नवा विभाग उघडला आणि घाईदादाने कॉपी केलं... मलाच. आता आम्ही सहा.

मित्रांनो, तुम्ही कोड लिहाल ना, तेव्हा तेच ते पुन्हा चिकटवू नका. एकदाच लिहा, नाव द्या, जपा. मला खुशाल पुसा हो! मला फक्त छकुलीची माफी मागायची होती. पण मागितली तरी तिला ऐकू कुठे येणार?