बळीच्या पाटावर झरगॉन

बयाबाईच्या जिभेला हाड नाही, असं भावकीतले लोक म्हणायचे. बयाबाई म्हणायची, हाड असतं तर ती वळली कशी असती? पुणे-नाशिक रस्त्यावरच्या पेठ गावापासून हाकेच्या अंतरावर तिची वस्ती. तिथं तिचा शब्द खाली पडायचा नाही. पण त्याच शब्दानं तीन वर्षांपूर्वी तिचा धाकटा लेक घालवला.

अमृत पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. मंचरकडचे पाहुणे घर बघायला आले, तेव्हा त्याच्या खोलीतल्या फळीवर परदेशी खेळण्यातले योद्धे, यंत्रमानव, राक्षस ओळीनं मांडलेले होते, सगळे पेटीबंद. पाहुणीनं विचारलं, "ह्ये काय वो?" बयाबाई पटकन म्हणाली, "आमचा घोडा तिशीचा झाला तरी बाहुल्या खेळतोय. तुमची पोरगी आली म्हंजी एक बोलणारी मिळंल त्याला."

ओसरीवर सगळे हसले. अमृत हसला नाही. त्यानं मुलीकडच्यांना नाही कळवलं आणि दोन महिन्यांत अमेरिका गाठली. दर रविवारी त्याचा फोन यायचा. बयाबाईनं उचलला की तो म्हणायचा, "दादांना दे." तीन वर्षांत तिच्या वाट्याला तेवढेच दोन शब्द आले. तिनंही कधी तिसरा मागितला नाही. मागायचं तिच्या रक्तात नव्हतं.

२००६ च्या दिवाळीला अमृतचा एक मित्र नाशिकला जाताना, अमृतसाठी पुण्यातून घेतलेली एक पेटी देऊन गेला. चांगदेव, म्हणजे बयाबाईचा नवरा, पोरांचे दादा, ती टीव्हीवर ठेवत म्हणाला, "अमृतची हाय. दिवाळी झाली की सोमवारी येतोय न्यायला. दोन दिस ऱ्हाणार म्हणतो. पेटी उघडू नका म्हणलाय."

सोमवारी येतोय! बयाबाईनं चेहरा तसाच ठेवला आणि करंज्यांचं सारण जरा जास्तच जोरात ढवळलं.

पेटीला पुढून प्लास्टिकची काच होती. आत वीतभर उंचीचा काळाकभिन्न गडी, छाती नांगराच्या बैलासारखी. तोंडावर लोखंडी मुखवटा, त्याला डोळ्यांच्या दोन फटी, ओठ मात्र नाहीत. आणि एवढ्या भयाण माणसाच्या अंगात लालभडक पायघोळ अंगरखा, त्याला पांढऱ्या लोकरीची किनार, खांद्यावर खेळण्यांची पोतडी.

"ह्यो कोण गं?" तिनं नातीला विचारलं. मोठ्या मुलाची संस्कृती चौथीत होती, आणि टीव्हीवरचं तिला सगळं ठाऊक असायचं.

"झरगॉन. व्हिलन हाय आज्जी. आभाळातला राजा. त्यानं सात ग्रह जाळलेत."

"मंग नटूनथटून कुठं निघालाय?"

"तिकडं नाताळ असतो ना, म्हणून. ह्यो सणाचा झरगॉन. वर्षातून येकदाच काढतात."

"म्हंजी सणापुरता त्योबी चांगला?"

संस्कृतीनं विचार केला. "सणापुरता असंल."

पाडव्याला पहाटेपासून धुकं उतरलं होतं. पलीकडचा हायवे दिसत नव्हता, ट्रकांचा नुसता हुंकार ऐकू येत होता, जणू ढगातून कुणी गाड्या हाकत होतं. बयाबाई अंगणात पूजेसाठी शेणाच्या गवळणी, चिमुकल्या बाहुल्या, करत बसली. गवळणी झाल्या, गाई झाल्या. बळीराजा काही होईना. लहानपणापासून तो अमृत करायचा. छाती रुंद, मिशीला ज्वारीचं कणीस. तिच्या हातचा बळी यंदाही बेडकासारखा बसला आणि मान टाकून मोकळा झाला.

शेणाच्या हातानं ती तशीच बसून राहिली. धुक्यातून घराचं उघडं दार दिसत होतं. दारातून टीव्ही, टीव्हीवर तो लाल अंगरखा. तिच्या मनात आलं, बळी तरी कोण? पोथीवाले त्याला दैत्यच म्हणतात. पाताळात घातलेला, वर्षातून एकदा येणारा. आणि आपण शेतकरी बायका त्यालाच ओवाळतो, त्याचंच राज्य मागतो. मग हा कोण वेगळा?

तिनं हात धुतले आणि पेटी उघडली. उघडू नका म्हणजे पोरीनं मोडू नये म्हणून म्हणाला असेल, आपण काय मोडतोय थोडंच? आत बघते तर त्याच्या मनगटांना, कमरेला, पायांना बारीक तारा आवळलेल्या. "सणासुदीला कुणी असं बांधून ठेवतं व्हय?" म्हणत तिनं एकेक तार सोडवली. त्याला गवळणींच्या मधोमध पाटावर उभा केला, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला, ओवाळलं. "इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो." धुक्यातल्या दिव्यांनी त्याचा मुखवटा सोन्यासारखा झळकला.

दुपारी जेवून ती ओसरीवर कलंडली आणि तिला स्वप्न पडलं. गावाजवळच्या वेळ नावाच्या नदीच्या कोरड्या पात्रातून तो चालत येत होता, चांगला माणसाएवढा, लाल अंगरखा वाळूवरून ओढत. मागं जळालेले सात गोळे कंदिलासारखे तरंगत होते. तो अंगणात येऊन उभा राहिला. बयाबाई बोलायला लागली. एवढा उशीर का, पाय धू, ग्रह जाळताना लाज वाटली नाही का, वाळलास किती. ती बोलत राहिली, तो ऐकत राहिला. उत्तर द्यायला त्याला तोंडच नव्हतं. मग तिनं नीट बघितलं. तो ओसरीवरच्या पाहुण्यांसमोर उभा होता, पाहुणे हसत होते, आणि मुखवट्याच्या फटींतून बघणारे डोळे अमृतचे होते.

ती जागी झाली तेव्हा उन्हं उतरली होती आणि फोन वाजत होता. ती उठेपर्यंत संस्कृतीनं उचलला. "काका! आज्जीनं तुमचा झरगॉन सोडवला! कुंकू लावलं त्याला, ओवाळलं!"

पोरीनं पलीकडचं ऐकून घेतलं. मग रिसीव्हरकडे बघत म्हणाली, "काका नुसतं 'बरं' म्हणले. ठेवला."

चांगदेवनं कपाळाला हात लावला. "अगं, ती खेळायची वस्तू न्हाई. लोक ती पेटीतच जपून ठेवत्यात. येकदा उघडली की तिची किंमत गेली. त्यानं वर्षभर शोधून मिळवली व्हती."

"मला कुणी सांगितलं?"

"उघडू नका म्हणलं व्हतं की."

बयाबाईनं उठून झरगॉनला पाटावरून उचललं.

"आत्या, आपण परत तारा बांधू," सून आरती म्हणाली. "कुंकू पुसू, पेटी फेविकॉलनं चिकटवू. कळायचंबी न्हाई."

"चोरटं काम ह्या घरात व्हणार न्हाई," बयाबाई म्हणाली. "मी केलंय, मी सांगीन." पण सांगायचं कुणाला? सोमवारी तो येईल की नाही, हे आता कुणालाच ठाऊक नव्हतं.

सोमवारी दहाची एसटी गेली. साडेअकराची गेली. धुकं त्या दिवशी वर चढलंच नाही. फाट्याकडून येणारा प्रत्येक माणूस आधी नुसती सावली असायचा, मग शेजारचा भिका व्हायचा, नाहीतर दूधवाला. बाराच्या सुमाराला एक सावली आली आणि जवळ येऊनही दुसरं कुणी झाली नाही.

अमृत अंगणात थांबला. केस विरळ झाले होते.

"दादा कुठंयत?"

"मळ्यात गेल्यात. आज माझ्याशीच बोल." बयाबाईनं झरगॉनला त्याच्या पुढ्यात ठेवलं. किनारीच्या पांढऱ्या लोकरीवर कुंकवाचा डाग पसरला होता. "ह्ये मी खराब केलं. कर म्हणून कुणी सांगितलं न्हवतं, माझ्याच मनानं केलं." पुढचं वाक्य तिला बैल ओढावा तसं ओढून काढावं लागलं. "आन पाव्हण्यांपुढं तुझं हसू केलं, तेबी मीच. दोन्ही माझ्याकडनं चुकलं."

अमृतनं डागावरून अंगठा फिरवला. "बळी म्हणून ठेवलास?"

"दुसरा व्हईना माझ्या हातनं."

तो हळूच पायरीवर बसला. "असा हात खाली सोडून उभा केलास? बळी कुठं असा असतो?" त्यानं झरगॉनचा हात खांद्यातून फिरवला. टक् झालं आणि हात आशीर्वादासारखा वर राहिला. "दुसरा तू फिरव. जोरात नको."

बयाबाईनं पदराला बोटं पुसली आणि फिरवला. टक्. तिला गंमत वाटली. तिनं मान फिरवली, कोपर फिरवलं, मग गुडघे वाकवून त्याला पाटावर मांडी घालून बसवायला गेली. तो सारखा उलथा पडायला लागला.

"सात ग्रह जाळले म्हणं, आन मांडी घालता येत न्हाई मेल्याला!"

अमृत फसकन हसला. "तिकडं खाली कुणी बसतच नाही गं."

"मंग तू कुठं बसतोस जेवायला?"

हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. अमृतनं झरगॉनला दोघांच्या मधे आडवा ठेवला आणि सांगायला लागला. एक खोली आहे, खिडकीशी टेबल आहे, डिसेंबरात बाहेर सगळं पांढरं होतं... तो सांगत राहिला, आणि बयाबाई मधे एक शब्दही बोलली नाही.