चुन्याची रेघ आमच्या पोर्चातून

आमच्या मालतीबन लेआउटमध्ये ‘मैदान’ असं कुणी म्हणत नाही. सगळे ‘ओपन स्पेस’च म्हणतात, आणि तेही घरातल्या माणसाचं नाव घ्यावं तसं. “ओपन स्पेसवर जाऊन येते.” “कुरड्या ओपन स्पेसवर टाकल्या.” “ओपन स्पेसनं यंदा काय गवत धरलं!” मुलांचं क्रिकेट तिथं, म्हाताऱ्यांच्या फेऱ्या तिथं, आणि मार्गशीर्षातला सात दिवसांचा कीर्तन सप्ताहही तिथंच. सत्तावीस वर्षं मी त्या सतरंजीवर पहिल्या रांगेत बसत आलेय. उन्हानं, पावसानं, सुनेच्या बाळंतपणानंसुद्धा माझी जागा हलली नाही.

ती हलवली रस्त्यानं.

मैदानाच्या टोकाला एक बंद पडलेली ऑइल मिल होती. ती बिल्डर ओमप्रकाशजींनी घेतली आणि चोवीस फ्लॅटचा फलक लावला. फ्लॅटचं आम्हाला दुःख नव्हतं. पण मिलकडे जाणारा रस्ता एकच. त्याच्या एका बाजूला आमची आठ घरं, दुसऱ्या बाजूला ओपन स्पेस. महापालिका म्हणाली, एवढ्या मोठ्या इमारतीला रस्ता नऊ मीटर हवा. जागेवर भरला जेमतेम सात. ओमप्रकाशजी म्हणाले, उरलेले दोन मीटर मैदानातून घेऊ.

दोन मीटर म्हणजे कडुलिंबांची अख्खी रांग आणि कीर्तनाचा ओटा. मी पदर डोळ्यांना लावला.

“रडू नकोस,” बापूसाहेब म्हणाले. बापूसाहेब, म्हणजे आमचे यजमान, निवृत्त वकील. कोर्ट सुटलं, पण जिभेवरून उतरलं नाही. “नकाशात रस्ता नऊच मीटर आहे. मग दोन मीटर गेले कुठे? या माणसाच्या मिलच्या भिंतीनं गिळले असणार. सरकारी मोजणी आणू. चोर हातोहात सापडेल.”

आठही घरांनी जोशात अर्जावर सह्या केल्या.

मोजणीवाले आले. तीन पायांवर यंत्र उभं राहिलं. बापूसाहेबांनी त्यांना पोहे दिले, वर दोनदा चहा. मग एक माणूस चुन्याची रेघ ओढत निघाला. आम्ही त्याच्यामागे, वरातीसारखे. रेघ मिलच्या भिंतीपाशी गेली आणि तिला न शिवता शहाण्यासारखी वळली. तिथून जी निघाली ती थेट तानुबाईंच्या तीन पायऱ्यांवर चढली. पुढं शाळेच्या हेडमास्तरांच्या झोपाळ्याखालून गेली: झोका पुढं आला की सरकारी, मागं गेला की खाजगी! मग आमचं फाटक. मला वाटलं, थांबेल. छे! पोर्चात शिरली, रांगोळी ओलांडली, गाडीच्या पोटाखालून गेली. इंजिन रस्त्यावर, डिकी आमची.

“रस्ता नऊच मीटर आहे, साहेब,” मोजणीवाले पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणाले. “तुम्ही म्हणता ते बरोबर.”

तानुबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. “वकीलसाहेब, तुमी चोर पकडाले गेलते नं? आठ सापडले पाहा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूसाहेब पाइप घेऊन पोर्चात झाडांना पाणी घालत होते. पोर्चात झाड एकही नव्हतं. चुना काही निघाला नाही.

आणि मग ओमप्रकाशजी पेढे घेऊन आले. “वकीलसाहेब, काहून टेन्शन घेता? कोणाचं काही तोडाचं नाही. मैदान काय भांडाले येते काय? त्याले तर तोंडच नाही. दोन मीटर तिकडूनच घेऊ. तुमची आठ घरांची संमती द्या, बस.”

संध्याकाळपर्यंत सात सह्या झाल्या. तानुबाईंनीसुद्धा केली. “पायऱ्या गेल्या तं मी घरात काय उडून जाऊ, सिंधूताई?” त्यांचंही खरंच होतं. आठवी सही बापूसाहेबांची. कागद पोर्चातल्या टेबलावर, पेनाखाली दाबून ठेवलेला. ते येता-जाता त्याच्याकडे बघत आणि खाकरत. सप्ताह सुरू झाला तरी खाकरणं संपेना.

पाचव्या दिवशी दुपारी फाटकाशी एक मुलगी आणि तिच्याबरोबर पागोट्यासारखा मफलर बांधलेला म्हातारा. मुलगी संध्या, दवाखान्यात नर्स. म्हातारे देवमन, तिचे सासरे. त्यांनी नव्या इमारतीत फ्लॅट बुक केलेला, जागा बघायला आलेले.

“काकू, खरं सांगा,” संध्या म्हणाली, “आमी इथं येऊ नये असं वाटते काय तुमाले?”

“अगं माय! या की! चोवीसच्या चोवीस घरं या!”

“मंग ते मैदान जाऊ देऊ नका. दोन खोल्यांत पाच माणसं राहतो आमी. फ्लॅट लहानच आहे, पण पुढं एवढं अंगण दिसलं म्हणून तर हाच घेतला.”

देवमनबाबा मात्र आमच्या पोर्चाचा खांब थोपटत होते. “हा म्याच उभा केला, बाई. अठरा वर्सं झाली. तवाच म्हणलं होतं साहेबाले, रस्त्यावर जाऊन रायलं म्हून. तं म्हणे, कायदा तू शिकवतो काय मले?”

त्या दिवशीचं कीर्तन नांदगाव खंडेश्वरच्या मैथिलीताईंचं होतं. तिशीची पोरगी, पण उभी राहिली की नारदाची वीणा तिच्या गळ्यात आहे असं वाटावं. कीर्तनाआधी चहाला आमच्याकडे आल्या. मी त्यांना एका शब्दानं काही सांगितलं नाही, देवाशपथ. फक्त चहा पोर्चात दिला.

आख्यान बळीराजाचं लागलं. “बटूनं तीन पावलं जमीन मागितली,” मैथिलीताई टाळ थांबवून म्हणाल्या. “मागितली हो! हात जोडून. पण न मागता सहा फूट घेतात, त्यांचं आख्यान कोणत्या पुराणात शोधू? आज मी एका घरी चहा घेतला. खुर्चीचे दोन पाय महापालिकेत, दोन यजमानांकडे. मी कोणाची पाहुणी, तेच कळेना! चहा मात्र गोड.”

सतरंजी गदगदा हसू लागली. मागून, संध्यासोबत कीर्तनाला थांबलेल्या देवमनबाबांचा आवाज आला, “देणाऱ्याचं नाव रायलं, बाई! बळीराजा म्हून आजबी म्हणतो आपण. घेणाऱ्याचं कोण घेते?”

बापूसाहेब उठले. चपला घातल्या आणि ताडताड घराकडे निघाले. टेबलावर कागद, कागदावर पेन, आणि डोक्यात राग. झाली आठवी सही! पोरीला पोर्चात बसवायची बुद्धी मला देवानं द्यायलाच नको होती.

मैथिलीताईंनी नामाचा गजर धरला. आणि तेवढ्यात—

ठाण्!

तबलजींनी मान वर केली. ठाण्! परत. तबलजींनी बिचाऱ्यांनी तो ठोका तालात बसवायचा प्रयत्न केला, पण ठोका कुठल्याच मात्रेवर येईना. मी पदर खोचून धावले, माझ्यामागे अख्खं कीर्तन धावलं, टाळकरी टाळ वाजवतच धावले.

पोर्चात आमचे चौऱ्याहत्तर वर्षांचे बापूसाहेब स्वयंपाकघरातला नारळ फोडायचा हातोडा घेऊन लोखंडी खांब झोडत होते.

“मी स्वखुशीनं पाडतोय!” ते ओरडले. “कोणाच्या सांगण्यावरून नाही! नोंद घ्या!”

“घेतली, घेतली! पण साहेब, थांबा जी!” देवमनबाबांनी धावत येऊन त्यांचा हात धरला. “खांब पयले काढला तं पत्रे डोक्यावर येतीन! पयले पत्रे उतरवाचे. म्या बांधलं, मलेच सोडू द्या.”

मग काय विचारता! देवमनबाबा हुकूम सोडताहेत, ओमप्रकाशजींच्या साइटवरून पहार आणि घण आले, मागोमाग लगबगीनं ओमप्रकाशजी स्वतः आले. संमतीचा कागद बापूसाहेबांनी गाडीची काच पुसायला घेतला. हेडमास्तरांनी झोपाळा स्वतःच्या हातानं सोडला. मैथिलीताई मधोमध उभ्या राहून गजर म्हणत होत्या, आणि घण आता बरोब्बर समेवर पडत होता, कारण तो संध्याच्या हातात होता. भिंतीची वीट पडली की “जय!”, पत्रा उतरला की “जय!” इतक्या आनंदात मी एकही लग्न पाहिलं नाही.

तानुबाईंच्या पायऱ्या शेवटी गेल्या. त्या स्वतः घरातच राहिल्या, आणि दार रस्त्यापासून तीन फूट उंच. “पाहा! म्हणलं नव्हतं?” म्हणून त्या दारात उभ्या. चौघांनी प्लास्टिकची खुर्ची वर धरली, त्या बसल्या, आणि पालखी निघाली. “हळू रे! नवरी असताना इतकी नाई हलली मी!”

“उद्या आतल्या अंगानं चार पायऱ्या करून देतो, माय,” देवमनबाबा म्हणाले.

मग टेप लागली. एक टोक ओपन स्पेसच्या कुंपणाला संध्यानं धरलं, दुसरं ओमप्रकाशजींनी आमच्या नव्या, ओबडधोबड हद्दीवर. सगळे टेपवर वाकलेले.

“नऊ मीटर!” ओमप्रकाशजी ओरडले. “आन वर चार बोटं जास्त!”

मैदानावर जो कल्लोळ उठला, त्यात बापूसाहेबांचा आवाज कुणाला ऐकूच येईना. ते विटांच्या ढिगावर उभे राहून, धुळीनं पांढरेफटक, हात उंचावून सांगत होते—

“ती चार बोटं माझी आहेत! परत करा!”