बाजूच्या दाराने

बारा दिवसांच्या रजेत पाळकाच्या पदरात काय काय पडणार, याचा अंदाज त्याच्या बायकोने बस सुटायच्या आधीच बांधला होता. थोरल्या दिराकडे चार दिवस पाहुणचार, आतेबहिणीकडे तीन दिवस विश्रांती, आणि त्या दोन्ही गावांतल्या लहानशा चर्चमध्ये पाहुणा उपदेशक म्हणून मान. शेवटी तिच्या मामाचे गाव. तिथे मिळण्यासारखे काहीच नव्हते. आणि नवरा घाई करत होता ती नेमकी त्याच गावाची. जिथे काही मिळायचे नाही तिथे माणूस पळत निघाला, की समजावे, त्याला तिथे घ्यायचे नाही, द्यायचे आहे.

"अहो, मामाकडे रविवारच कशाला धरलात? मधल्या वारी जाऊ की."

"रविवारच. मी पत्र टाकलंय. उपदेश माझाच आहे."

"तुम्ही मागितलात, की त्यांनी दिला?"

"पाहुण्या पाळकाला बोलावतातच. मागावं कशाला लागतं?"

म्हणजे मागितला होता.

"बाबा सुट्टीवर निघालेत की फेरीवर?" मागच्या बाकावरून सोळा वर्षांच्या लेकीने विचारले.

"तू घड्याळ सांभाळ," पाळक म्हणाला. लेकीचे काम ठरलेले होते. पस्तीस मिनिटे झाली की तिने पहिल्या बाकावरून खोकायचे.

बावीस वर्षांपूर्वी पाळक त्या गावात उमेदवार म्हणून गेला होता. तिथली रीत अशी की उमेदवाराने लागोपाठ तीन रविवार उपदेश करायचा. तिसऱ्या रविवारी उपदेश संपला की ज्यांना तो हवा असेल त्यांनी बसून राहायचे. ज्यांना नको असेल त्यांनी उजवीकडच्या बाजूच्या दाराने मुकाट बाहेर पडायचे. हात वर करणे नाही, चिठ्ठ्या नाहीत, भांडण नाही. उरतील त्यांना उमेदवाराने आशीर्वाद द्यायचा आणि किती उरले ते स्वतःच बघून घ्यायचे.

त्या दिवशी सगळ्यांत आधी उठला तो मामा. मामा सुतार, चर्चचे बाक, दारे, खिडक्या सगळे त्याच्या हातचे, किल्लीही त्याच्याकडेच. सुतार बोलत कमी, पण उठला की गाव उठायचे. तीन मिनिटांत चर्च रिकामे झाले. उरली तिघे: उमेदवाराची नवी नवरी, एक झोपलेले मूल आणि एक ठार बहिरी म्हातारी. पाळकाने त्या तिघांना आशीर्वाद दिला. म्हातारी मोठ्याने 'आमेन' म्हणाली, ते त्याला अजून ऐकू येत असे.

पुढे त्याला शहरात जागा मिळाली. मोठे चर्च, पक्के घर, लेकीला चांगली शाळा. कोणीही म्हणाले असते, गडी नफ्यात राहिला. पण अपमानाला नफ्याशी घेणे नसते. दरवर्षी तो त्या रविवाराची गोष्ट निदान चारदा सांगायचा, आणि बायको मान हलवायची.

थोरल्या दिराच्या गावी त्याने जो उपदेश केला तो प्रभूला धरून द्यायला शेवटच्या जेवणावरून उठून गेलेल्या त्या एका शिष्यावर होता. सगळे जेवत बसलेत आणि एकजण उठून बाहेर जातो. वहिनींनी डोळे पुसले. "किती शांत बोलले भावोजी," त्या म्हणाल्या.

आतेबहिणीच्या गावी बुधवारच्या प्रार्थनेला तोच उपदेश पुन्हा झाला. मात्र इथे त्या शिष्याला वय आले होते. तो घरचा कर्ता होता, त्याच्या शब्दाला वजन होते, आणि एकटा उठता उठता त्याने दहाजणांना उठवले. पाळकाची बायको दुसऱ्या बाकावर बसून ऐकत होती. आता त्याच्या हातात रंधा यायचाच काय तो बाकी होता.

दुपारी कपडे वाळत घालताना तिने विषय काढला.

"अहो, हा तुमचा शिष्य दर गावाला म्हातारा का होतोय?"

"ज्याला ओळख पटेल त्याला पटू दे."

"ते माझे मामा आहेत. आईबाप गेल्यावर त्यांनी मला सांभाळलं."

"तुला सांभाळलं. मला चारचौघांत हाकललं." त्याने शर्ट झटकला. "मी नाव घेणार नाहीये. मी शिवी देणार नाहीये. मी फक्त सांगणार, आणि ते खाली बसून ऐकणार. बावीस वर्षांत एवढंच मागतोय मी."

"आणि क्षमेचं काय? दर वर्षी क्षमेवर चार उपदेश करता."

"क्षमा नंतर. आधी त्यांना कळू दे कशाची क्षमा ते."

तिच्या ओठांवर काहीतरी आले होते. तिने ते चिमट्यासारखे दातांत धरले आणि पुढचा कपडा उचलला.

शुक्रवारी बस थांबली तेव्हा मामा हातगाडी घेऊन उभा होता. वय झाले होते, पण बॅगा त्याने कोणाला उचलू दिल्या नाहीत. "जावईबापू, आलात! पोरी, वाळलीस की गं. आणि ही आमची नात? अगं, ही तर माझ्याहून उंच!"

"आजोबा, तुम्ही खाली वाकलात म्हणून," नात म्हणाली. मामा इतका हसला की हातगाडी वाकडी गेली.

घर चर्चला लागूनच होते. मामीने जावयासाठी नवी चादर अंथरली होती. चहा व्हायच्या आत मामा जावयाला चर्च दाखवायला घेऊन गेला. पुस्तक ठेवायच्या मेजाला त्याने चार बोटे उंचीचे नवे पाय बसवले होते.

"मागच्या वेळी तुम्ही वाकून वाचत होतात. तेव्हापासून डोक्यात होतं. पत्र आलं, म्हटलं आता करूनच टाकू."

पाळकाने मेजावर हात ठेवून बघितला. उंची अगदी बेतशीर होती. "छान झालंय," तो म्हणाला, आणि रविवारी कागद कुठे ठेवायचे ते मनाशी ठरवले.

शनिवारी दुपारी बायको मामाच्या कामाच्या खोलीत गेली. मामा एका खुर्चीचा मोडका पाय सांधत होता.

"मामा, उद्या ते तुमच्यावर बोलणार आहेत."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"पत्रात लिहिलं होतं, 'उपदेशाला आपण समोर बसावे.' चर्चमध्ये मी आणखी कुठे बसतो, छपरावर?" त्याने पायाला सरस लावला. "बोलू दे. बावीस वर्षं पोटात ठेवलंय. बाहेर पडलेलं बरं."

"मी सांगून टाकते त्यांना. तुम्हाला उठायला मीच सांगितलं होतं म्हणून."

मामाने खुर्ची खाली ठेवली. हेच ते, जे बावीस वर्षे दोघांत होते. तिसऱ्या रविवारच्या आदल्या दिवशी ती याच खोलीत येऊन रडली होती. मामा, ह्यांना इथे ठेवून घेऊ नका. या गावात मी पोरकी म्हणून वाढले. ह्या घरचा झगा, त्या घरच्या चपला. उद्या पाळकाची बायको म्हणून पुढच्या बाकावर बसले तर प्रत्येक बाई मनात म्हणेल, हिच्या अंगावर माझ्या लेकीचा झगा होता. मला जाऊ द्या. पण मी सांगितलं म्हणून कुणाला कळू देऊ नका. मामाने मान हलवली होती आणि दुसऱ्या दिवशी तो उठला होता.

"सांग," मामा आता म्हणाला. "पण माझ्यासाठी म्हणून सांगू नकोस. मला त्याचं ओझं नाही. तुझं तुला झालं असेल तर सांग."

रविवारी सकाळी पाळक दाढी करताना गाणे गुणगुणत होता. इतक्या खुशीत तिने त्याला लेकीच्या जन्मानंतर पाहिले नव्हते. ती दारात उभी राहिली, "अहो," म्हणाली. त्याने आरशातून बघितले. "काय गं?" तिला दिसले शहरातले घर, रोजचा चहा, बावीस वर्षांचा विश्वास. "कॉलर दुमडलीय," ती म्हणाली.

चर्चमध्ये एकतीस माणसे होती. मामा समोरच्या बाकावर, शेजारी मामी. पाळकाने नव्या मेजावर कागद ठेवले आणि सावकाश सुरुवात केली. या वेळी शिष्याच्या हातात रंधा आला. त्याने दारे बनवली होती, आणि त्याच दारातून सगळ्यांत आधी तो स्वतः बाहेर पडला. तरुणांना काही कळेना. म्हाताऱ्यांनी त्यांच्या कानात सांगितले. एकेक मान समोरच्या बाकाकडे वळली. मामा हात मांडीवर ठेवून ऐकत होता, एखाद्या गिऱ्हाइकाची तक्रार ऐकावी तसा.

"असा माणूस," पाळक म्हणाला, "पुढे आयुष्यभर पहिल्या बाकावर बसतो. पण देवाच्या घरात तो बाहेरच असतो."

मामी उठली. तिने पदर खोचला, आणि उपदेश चालू असताना उजवीकडच्या दाराने बाहेर पडली. लेक खोकली. पस्तीस मिनिटे झाली नव्हती. जेमतेम वीस झाली होती. पाळकाने ऐकले नाही. त्याने पूर्ण पस्तीस घेतली.

शेवटी दाराशी हात मिळवताना मामा एवढेच म्हणाला, "आवाज छान लागला. मेज बरोबर बसलं ना?"

पाळकाला वाटले होते, या क्षणी आपण उंच होऊ. तो नुसता उन्हात उभा होता.

घराच्या पायरीवर मामी आडवी उभी होती. आवारात अजून माणसे होती, आणि ती राहावीत अशाच बेताने ती बोलली.

"जावईबापू, बॅगा बाहेर ठेवल्यात. दोनची बस आहे."

"मामी, जेवून..." बायको म्हणाली.

"उठून जाणाऱ्याची एवढी चीड आहे ना यांना? मग आमच्याकडे बसूच नये. म्हणजे उठायचा प्रश्न नाही." मग ती भाचीकडे वळली. "आणि तू गं? ज्यानं तुला खांद्यावर वाढवलं त्याला गावासमोर सोलत होते, आणि तू मांडीवर हात ठेवून बसलीस? तुझंही ताट नाही या घरात. आजही नाही, पुढेही नाही."

"अगं, पुरे," मामा म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही गप्प बसता म्हणून हे झालं."

तेव्हा बायको बोलली. जे सकाळी आरशासमोर बोलायचे होते ते तिने आवारातल्या सगळ्यांसमोर सांगितले. "मामांनी नाही घालवलं यांना. मी घालवलं. मीच रडून सांगितलं होतं, यांना ठेवून घेऊ नका."

पाळकाने बायकोकडे बघितले, मग हातातल्या कागदांकडे.

मामी मात्र या दोघांकडे बघतच नव्हती.

"खरं?" तिने मामाला विचारले.

मामाने मान हलवली.

"त्या वेळी मी सहा महिने तुमच्याशी बोलले नव्हते. भाचजावयाला हाकललं म्हणून बायका मला टोमणे मारत होत्या. तेव्हासुद्धा नाही सांगितलंत?"

"पोरीला शब्द दिला होता."

"आणि मला काय दिलं होतंत?"

ती आत गेली. दार तिने आपटले नाही. मामाने बसवलेले दार. ते हलकेच लागले.

बस गावाबाहेर पडल्यावर पाळक म्हणाला, "बावीस वर्षं मी त्या माणसाला बोल लावला. तू ऐकत होतीस."

"हो."

"मान हलवत होतीस."

"हो. तुम्हाला बरं वाटायचं."

तो उठून पुढच्या बाकावर जाऊन बसला. थोड्या वेळाने त्याने उपदेशाचे कागद काढले, उलटे केले, आणि कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली.

"बाबा, आता कोणावर?" लेकीने विचारले.

तो लिहीतच राहिला. बायकोला त्याची मागून फक्त मान दिसत होती; तिला कळून चुकले की पुढच्या रविवारी, आपल्याच चर्चमध्ये, आपल्याच बाकासमोर, तो शिष्य बाई झालेला असेल. माहेर सकाळीच गेले होते. सासरची पहिल्या हप्त्याची वसुली आता सुरू होत होती.

तिकडे मामा मागच्या दाराने स्वयंपाकघरात गेला. मामी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याने एकदा हाक मारली, दुसऱ्यांदा मारली नाही. चुलीवरचे झाकण काढले, ताट घेतले, स्वतःच वाढून घेतले आणि टेबलाच्या टोकाला बसला. मीठ कमी होते. उठून आणायला नको म्हणून तसेच खाल्ले.

स्वयंपाक पाच जणांचा होता. जेवला तो एकटाच.